रोज दोन चमचे

पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून रावेतच्या तेलविक्रेत्या जयसिंगने मिनलच्या आईला घाण्याचं तेल प्यायला दिलं होतं, रोज दोन चमचे. उलट्या सुरू झाल्या तरी आई त्या तेलावरच विसंबून राहिली. हॉस्पिटलात आणेपर्यंत आतडं काळं पडलं होतं. ती वाचली नाही.

वर्षभराने तोच जयसिंग फुगलेलं पोट घेऊन मिनलच्याच वॉर्डात भरती झाला. त्याच्या नाकातून नळी घालताना तिने हात जरासुद्धा हलका ठेवला नाही.

"इथे कशाला आलात? दुकानातलं तेल संपलं का?"

"न्हाई, सिस्टर. अपेंडिक्स काढल्यापास्नं मी बी रोज घेतोय. तरी डॉक्टर म्हणत्यात, आतडी चिकटली."

लोकांना फसवून हा स्वतः मजेत असेल, असं समजून तिने वर्षभर त्याला शिव्याशाप दिले होते. आता ती सलाईन जोडू लागली. जयसिंग तिच्याकडे निरखून पाहत होता.

"तोंडवळा तळवड्याच्या भिमाबाईंचा वाटतोय. लेक का तुमी त्यांची?"

तिने होकारार्थी मान हलवली.



"त्यांना तरी गुण आला न्हवं?"