काडी वाकवताना

बाणाची प्रत्येक काडी कानाजवळ धरून वाकवायची, आत चीर असेल तर ती करकरते, आणि करकरली की तिथेच गुडघ्यावर मोडायची, ही आमच्या घरची रीत. तीन वर्षांपूर्वी मी निवडलेली काडी धनुष्यावरच फुटली आणि थोरल्या भावाच्या डाव्या पंजात घुसली. “दादा, मला ऐकूच आलं नाही,” मी शपथेवर सांगितलं. त्याने पुन्हा विषय काढला नाही. आज माझी लेक पहिल्या स्पर्धेसाठी काड्या निवडायला बसली, तर तोही शेजारी बसला. “तुझ्या बापापेक्षा सरळ आहे गं ही,” म्हणत एकेक काडी वाकवून तिला देत होता. पोर खुदखुदत होती. इतक्यात एक काडी हलकेच करकरली. तीही त्याने तिच्या हातात दिली. मी दारातून धावलो आणि ती हिसकावून मोडली. “पोरीच्या वेळी बरं ऐकू आलं,” दादा म्हणाला.