मुडपलेला कोपरा

"या खेळात हात करायचे नसतात, टाळायचे असतात," मी नातवंडांना पुन्हा सांगितलं. "पदरात पडलेल्या प्रत्येक बदामाचा एक दंड, इस्पिकच्या राणीचे तेरा." देवळालीच्या क्लबात गोऱ्या साहेबांना चहा देता देता माझे वडील हा विलायती खेळ शिकले. साहेबांनी टाकून दिलेला पत्त्यांचा कॅट त्यांनी घरी आणला, तोच आम्ही अजून वापरतो.

धाकटी शाल्मली सुट्टीभर हरत होती. या शेवटच्या डावात राणी चुकवली, की ती पहिल्यांदाच जिंकणार होती. पण पानं वाटायच्या आधी तिने कॅट घेतला आणि एकेका पानाचा कोपरा मुडपू लागली.

"हरायच्या आधीच पत्त्यांवर राग?" थोरल्याने चिडवलं.

"राणीचाच कोपरा मुडपलाय. ती कुणाकडे आहे ते मला पाठीमागून कळतं," ती म्हणाली. "आता नाही कळणार."

त्या डावात राणी तिच्याच पदरात पडली आणि ती हरली.

तिची पाठ थोपटून मी वडिलांचा तो कॅट सगळ्यांसमक्ष तिला देऊन टाकला. तो कोपरा मलाही लहानपणापासून दिसत होता. बोललो मात्र कधीच नव्हतो.