गच्चीवरची कोप

"राजेश्वरी, येळवस कवाच होऊन गेली की गं! तुझ्या सासऱ्यांना कुणी सांगितलं न्हाय का?"

समोरच्या प्रेमाबाई कुंपणावरून ओरडल्या, तेव्हा तिचे सासरे दगडोबा कडब्याची पेंढी खांद्यावर टाकून जिना चढत होते. राजेश्वरीला हसू आलं आणि ओशाळल्यासारखंही झालं. थंडीतल्या येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात कडब्याची खोपटासारखी कोप उभी करायची, तिच्यात पूजा मांडायची, सावलीला बसून आंबिल प्यायची, हे धाराशिवात लहान पोरालाही ठाऊक. पण भर चैत्रात, कॉलनीतल्या घराच्या स्लॅबवर कोप?

आणि तीही घर विकायला काढलेलं असताना!

तिच्या नवऱ्याची, श्रीनाथची, नाशिकला बदली झाली होती. घर बघायला दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. दोघांनाही खालचं घर आवडलं. वरच्या खोलीत गेले, तापलेल्या भिंतीला हात लावला आणि "कळवतो" म्हणून निघून गेले. मग श्रीनाथनं सुट्टीच्या दिवशी गच्चीला चुना मारला, पश्चिमेच्या खिडकीला हिरवी जाळी बांधली. खोली जराशी निवली. तेवढ्यात वडलांनी हे आरंभलं.

"उद्या माणसं येणारेत. गोठा समजतील," श्रीनाथ म्हणाला. "मी बोललो तर वाजेल आमचं. तू सांग. दादा तुझं ऐकतात."

"माझं ऐकत असते तर..." राजेश्वरी बोलता बोलता थांबली.

तर नाशिकला चला म्हटल्यावर हो म्हणाले नसते का? कधी भाकरी वाढताना, कधी चहाचा कप हातात देताना ती विचारून बघायची. "म्या काय करू तिथं? फ्लॅटात माणूस डब्यात घातल्यावानी ऱ्हातो," ठरलेलं उत्तर. गावाकडच्या घराची किल्ली त्यांनी कडदोऱ्याला बांधली होती. पत्र्याची पेटी भरून दाराशी ठेवली होती. येता-जाता राजेश्वरीच्या पायाला ती पेटी लागायची.

तिला वडील आठवतच नव्हते. लग्न होऊन आली आणि सासऱ्यांना पहिल्यांदा बिचकत "मामा" अशी हाक मारली, तेव्हा आतून "काय पोरी?" असं उत्तर आलं. ते दोन शब्द तिला अजून पुरत होते.

दुपारी ती गच्चीवर गेली. मामा, तेवढी कोप उतरवा, एवढंच म्हणायचं होतं. वाकून आत पाहिलं, तर आडव्या बांबूला जुन्या लुगड्याची झोळी टांगलेली. झोळीत तिची तान्ही लेक शिवकन्या. घामोळ्यानं दिवसरात्र किरकिरणारं पोर मुठी सैल सोडून झोपलं होतं. दगडोबा दोरी हलवत बसले होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. राजेश्वरी आली तशी पाय न वाजवता खाली उतरली.

"सांगितलंस?" श्रीनाथनं विचारलं.

"झोपलीय ती," राजेश्वरी म्हणाली आणि कणीक मळायला बसली.

दुसऱ्या दिवशी ऐन उन्हात लालमहंमद आणि सायराबी आले. लालमहंमद एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. "घर बघायचं तर दुपारच्यालाच," ते घाम पुसत म्हणाले. "सांजच्याला काय, समदीच घरं बरी वाटतात."

वरच्या खोलीत त्यांनी भिंतीला हात लावला. आणि तो तसाच राहू दिला. मग छताकडं पाहिलं. "वर काय केलंय वो?"

सायराबी तोवर गच्चीवर पोचल्याही होत्या. चपला बाहेर काढून त्या कोपीत शिरल्या, पाय पसरून टेकल्या आणि झोळीला हळूच झोका दिला. "या अल्ला, लई गार हाय हितं!" नवरा बोलवायला आला तरी त्या उठेनात. "घर पसंत हाय आमाला. पन ही कोप जागची हलवायची न्हाय, आत्ताच सांगते."

श्रीनाथचा चेहरा उजळला. "अहो, ती घराबरोबरच समजा!"

"कोप मिळायची न्हाय," झोळीपाशी बसलेले दगडोबा म्हणाले.

राजेश्वरीला वाटलं, आता बापलेकांचं वाजणार. सौदा तर मोडेलच, पण मामा आजच्या आजच पेटी उचलून गावाची गाडी धरतील.

"दादा, कडबाच तर आहे!" श्रीनाथ कळवळून म्हणाला.

दगडोबा त्याच्याकडं न बघता सायराबींना म्हणाले, "बाई, तुमाला दुसरी बांधून देतो. हिच्याहून थोरली. पन ही नातीसाठी बांधलेली हाय, नातीसंगंच जाणार."

"नाशिकला?" श्रीनाथला हसावं की रडावं कळेना. "आणि तिथं ती उभी कोण करणार?"

दगडोबांनी झोळीची दोरी पुन्हा हातात घेतली. मग राजेश्वरीकडं न पाहता म्हणाले,

"पोरी, त्या फ्लॅटाला गॅलरी केवढी हाय?"