एकशे बारा आणि एकशे नऊ

"एकशे बारा ठिकाणी 'रांग'. एकशे नऊ ठिकाणी 'प्रतीक्षायादी'." सिंधूताईंनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. "वस्तू एक, नावं दोन. आणि पुस्तिका आज पाच वाजता जायची आहे."

प्रशिक आणि वैभवी एकमेकांकडे पाठ करून बसले होते. शाळांच्या संगणकांसाठी दोघांनी मिळून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली होती आणि तिचा कोड समजावून सांगणारी मराठी पुस्तिकाही. अर्धी पानं त्याची, अर्धी तिची. संगणकाची कामं आपली पाळी येईपर्यंत जिथं थांबतात, त्या जागेच्या नावावरून दोघांचं बिनसलं होतं. तीन आठवडे झाले, चहासुद्धा वेगवेगळ्या टपऱ्यांवर होत होता.

"रांग म्हटलं का कोणालेबी समजते," प्रशिक भिंतीला म्हणाला.

"रांगेत लोक मधातच घुसतात. इथं कोणाले घुसता येत नाही," वैभवी खिडकीला म्हणाली. "प्रतीक्षायादीच बरोबर आहे."

"ते रेल्वेचं असते. कन्फर्म होईनच असं नाही."

पुस्तिका याच कारणानं दोनदा परत आली होती. तिसऱ्यांदा आली, तर शब्द तपासायला वेगळा माणूस कशाला ठेवायचा, असं कार्यालयाचे प्रमुख मधुसूदन साहेब म्हणाले होते. हसत म्हणाले होते, म्हणजे ते खरंच होतं. सिंधूताईंना तर हे शब्द तपासायचं टेबल हवं होतं. त्याआधीची बारा वर्षं त्यांनी घरी बसून चिवड्याच्या पुड्यांवरच्या चुका काढण्यात घालवली होती.

त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढलं. चौसष्ट पानांचं, पिवळं पडलेलं, मुखपृष्ठावर बैलजोडी.

"हे त्र्याऐंशी सालचं. सीताबर्डीच्या छापखान्यात मी मुद्रितं तपासायची आणि रुपराव शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. ते 'पेरा' जुळवायचे, मी खोडून 'पेरणी' करायची. सहा वर्षं हेच. शेवटी ते नोकरी सोडून गावी, मौद्याला निघाले. म्हटलं, जाऊ द्या, जाणारा माणूस आहे. या पुस्तकाच्या पहिल्या बत्तीस पानांत मी त्यांचा 'पेरा' तसाच सोडला. आयुष्यात एकदाच."

"मग?" वैभवीनं मान वळवली.

"मग काय. पुढची बत्तीस पानं घाईत, मला न दाखवताच मशीनवर गेली. छापून आली तेव्हा बघते, तर सगळीकडे 'पेरणी'. मी माघार घेतलेली कळली असणार त्यांना. जाता जाता मला तोंडघशी पाडलं. अर्ध्या पुस्तकात शेतकरी पेरा करतो, अर्ध्यात पेरणी. मालकांनी सगळी आवृत्ती रद्दीत घातली. पुढं दोन वर्षं महाल भागातला चिवडा माझ्याच पुस्तकात बांधून मिळायचा."

प्रशिकनं पानं उलटली. तेहतिसाव्या पानापासून प्रत्येक 'पेरणी' लाल पेन्सिलीनं खोडलेली होती. एकूण एकेचाळीस. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'दुष्टपणा'.

"ताई, पण पेरणी तर तुमचाच शब्द होता ना?"

"होता. तरी खोडला. राग आला होता."

भिंतीवर सिंधूताईंनी मुद्रितं तपासण्याच्या खुणांचा कागद चिकटवला होता. प्रशिकनं त्यातल्या शेवटच्या खुणेवर बोट ठेवलं. "अन् हे शब्दाखाली टिंबं कशाले?"

"आपण खोडलेला शब्द बरोबर होता असं मागाहून कळलं, तर त्याच्याखाली टिंबं द्यायची. म्हणजे चूक माझी, शब्द राहू द्या."

"तुम्ही किती वेळा दिली?"

"वेळच आली नाही," सिंधूताई म्हणाल्या. "आता जा. साडेचारला मी परत मोजणार. मला एकच शब्द दिसला पाहिजे."

दोघंही आपापल्या टेबलाकडे गेले. दुपारभर फक्त कळफलक वाजत राहिले.

साडेचारला सिंधूताईंनी मोजणी लावली.

'रांग' एकशे नऊ. 'प्रतीक्षायादी' एकशे बारा.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा मोजणी लावली. तेच. मग त्यांनी पानं चाळली. प्रशिकच्या पानांत एकही 'रांग' उरली नव्हती. वैभवीच्या पानांत एकही 'प्रतीक्षायादी' नव्हती.

"इकडे या दोघंही," त्या म्हणाल्या.

दोघं पडद्यासमोर उभे राहिले. दोन्ही आकडे वाचले.

"तू काहून बदललं?" वैभवीनं हळूच विचारलं.

"तुह्यासाठी. म्हणजे, पुस्तिकेसाठी. अन् तू?"

"माझा शब्द बेकारच होता. रेल्वेचा."

"बेकार काहून? मले आवडते तो. आता तोच राहीन."

"अजिबात नाही. रांगच राहील."

"मी माह्या हातानं एकशे बारा ठिकाणी बदलला ना वं."

"मग मी काय इथं झोपा काढून राहिली होती?"

भांडण पुन्हा पेटलं. फक्त आता तो तिच्या शब्दासाठी भांडत होता आणि ती त्याच्या. भांडता भांडता वैभवीनं खुर्ची ओढली, "सरक तिकडं," म्हणाली, आणि दोघं एकाच कळफलकावर वाकले.

सिंधूताईंनी त्यांना अडवलं नाही. त्यांचं लक्षच नव्हतं. त्या आकड्यांकडे बघत होत्या. एकशे नऊ आणि एकशे बारा. बत्तीस आणि बत्तीस.

चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी पुस्तिका गेली, सगळीकडे एकच शब्द घेऊन. तो कोणता, हे सिंधूताईंनी विचारलं नाही.

"ताई, चला चहाले," प्रशिक दारातून म्हणाला. "तिघंही जाऊ."

"तुम्ही व्हा पुढं. मला वेळ लागेल. एकेचाळीस आहेत."

त्यांनी लाल पेन्सिलीला नवं टोक केलं, तेहतिसावं पान उघडलं, आणि पहिल्या 'पेरणी'खाली टिंबं द्यायला घेतली.