धाकट्याची खुशाली

भेटीच्या खोलीत शिरण्याआधी तुरुंगातल्या समुपदेशक देवयानी खरवडे यांनी अनसूयाबाईंना पुन्हा बजावलं, "धाकट्याचा विषय निघाला तर तो कामात आहे, एवढंच सांगा."

अनसूयाबाईंनी मान हलवली. त्यांच्या दोघा मुलांचं वेल्डिंगचं दुकान होतं. तिथल्या भांडणात थोरल्या विलासच्या हातून धाकटा प्रमोद गेला. तुरुंगात विलासने तीनदा जीव द्यायचा प्रयत्न केला. शेवटी अनसूयाबाईंच्या संमतीने डॉक्टरांनी त्याच्या मेंदूतली प्रमोदच्या मरणाची आठवण पुसून टाकली. आपल्या हातून कुणीतरी मेलं, एवढंच आता त्याला सांगितलेलं होतं.

विलास हसत आला. त्याचं अंग भरलं होतं. बागेत लावलेल्या वांग्यांबद्दल तो बराच वेळ बोलला. मग म्हणाला, "प्रम्या एकदाही आला नाही गं."

"कामात असतो."

"माझी लाज वाटत असेल त्याला. वाटू दे." तो थोडा पुढे झुकला. "आई, माझं एक काम करशील? मी ज्याला मारलं, त्याची आई असेल ना कुठेतरी. मॅडम नाव सांगत नाहीत. तू तिला शोध आणि माझ्यासाठी माफी माग."

दाराशी उभ्या असलेल्या देवयानीबाईंनी मान खाली घातली.

"ती करेल का गं मला माफ?"



"मला खरंच माहीत नाही रे," अनसूयाबाई म्हणाल्या.