शाळिग्रामावर लिंबू

"काकू, घरात लिंबू आहे का गं?" गार्गीने विचारलं आणि सुनंदाने फ्रीजचं दार लोटून घेतलं.

"नाही, कालच संपली," ती म्हणाली. फ्रीजच्या दारात चांगली रसरशीत लिंबं होती.

गार्गी तिची पुतणी. घाटकोपरहून अंधेरीला काकूकडे राहायला आलेली. जीवाश्मांवर एम.एस्सी. करत होती आणि ते शिक्षण तिच्या डोक्यात कमी, अंगातच जास्त आलं होतं. काल मॉलच्या जिन्यात फतकल मारून फरशीतले शंख दाखवत होती. आज तिची नजर देवघराकडे वळली होती. शाळिग्राम म्हणजे दगड झालेला समुद्री जीव असतो, त्यातल्या चुन्यावर लिंबू पिळलं की फेस येतो, हे तिला आजीला पटवून द्यायचं होतं.

"हात लावू नकोस हं!" माई पाटावरून कडाडल्या. "तीर्थात न्हालेला देव आहे तो. कच्छात नारायण सरोवरापर्यंत मांडीवर घेऊन गेले होते मी त्याला."

सुनंदाने मनातल्या मनात सासूला हात जोडले. माईंच्या सोवळ्याचा तिला आयुष्यभर जाच झाला, आज पहिल्यांदाच आधार वाटला.

कारण देवघरात होता तो शाळिग्राम नव्हताच.

माईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी पूजा सुनंदाकडे आली होती. ऑफिसची घाई, तबकात फुलांचा ढीग, आणि निर्माल्याच्या पिशवीत फुलांबरोबर पिढीजात शाळिग्रामही गेला. वर्सोव्याला पिशवी खाडीत सोडून ती घरी आली, तर देवघरात देव नाही. तशीच परत धावली. चिखलात चप्पल गेली, देव काही मिळाला नाही. शेवटी किनाऱ्यावरचा एक काळा, गुळगुळीत दगड उचलला, धुतला आणि तुळशीपत्राखाली ठेवून दिला. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर माई म्हणाल्या, "आता देव कसा स्पष्ट दिसतो बाई!" सुनंदा मोरीत जाऊन रडली.

तेव्हापासून तिने त्या दगडाकडे नीट बघणंच सोडलं. त्यानंतरच्या कच्छच्या यात्रेहून आल्यापासून तर माई देवाला कुणाला शिवूही देत नसत. स्नान त्याच घालत, तेल चोळत, चंदनाचा जाड लेप देत. सुनंदाला ते बरंच वाटत होतं. श्रेयसला, तिच्या मुलाला, डेंग्यू झाला तेव्हा माई त्या दगडापुढून हलल्या नव्हत्या. नातू वाचला तो शाळिग्रामामुळे, असं त्या अख्ख्या सोसायटीला सांगत. खरं कळलं तर त्यांचा सुनेवरचा विश्वास जाईल, ते एक वेळ सोसता येईल. पण या वयात त्यांचा देवच काढून घ्यायचा?

"काकू! ही काय मग लिंबं?" गार्गी फ्रीज उघडून उभी होती.

"अय्या, दिसलीच नाहीत बघ मला."

माई गुडघ्यावर हात ठेवून उठेपर्यंत गार्गीने देव उचललासुद्धा.

"अगं, देवावर लिंबू पिळतेस? भेळ आहे का ती?"

"दही-दूध चालतं ना आजी? मग लिंबाने काय घोडं मारलंय?"

तिने चंदन धुतलं, जुन्या ब्रशने तेल घासून काढलं, खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. सुनंदाला जागेवर उभं राहवेना. ओट्याशी गेली, परत आली, पदराला हात पुसले. गार्गी काय म्हणणार ते तिला पाठ होतं. आपल्या मुंबईचा साधा काळा दगड आहे हा, काकू, वर्सोव्याला पोत्याने मिळतात. मग आपण सगळं एका दमात सांगून टाकायचं. माईंकडे तिने पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

गार्गीने लिंबाचे थेंब टाकले. दगडावर बारीक फेस आला.

"आयला! हा शाळिग्राम नाहीच!"

माई भिंतीला धरून खाली बसल्या. सुनंदा धावली. "माई, माझं ऐकून घ्या आधी—"

"अगं थांब ना, हे त्याहून झकास आहे!" गार्गी नाचायचीच बाकी होती. "स्पंज आहे हा. समुद्रातला स्पंज, दगड झालेला. हे मधलं भोक बघ, ही कडेची जाळी बघ. दगड चुनखडीचा आहे म्हणून फेस येतोय. आपला मुंबईचा दगड लाव्हाचा, त्याला लिंबाने ढिम्म काही होत नाही. आणि त्यात असा स्पंज सापडणं शक्यच नाही."

"म्हणजे... इकडचा नाही हा?" सुनंदाने कसंबसं विचारलं.

"छे! कच्छकडे मिळतात असे. थांब, सरांना फोटो पाठवते." ती दगड घेऊन उजेडाला, बाल्कनीत पळाली.

सुनंदा बघत राहिली. तपकिरी, खरबरीत, भोकाभोकांचा. हा दगड तिने जन्मात पाहिला नव्हता.

माईंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"तिला काही बोलू नकोस गं, सुनंदा," त्या पुटपुटल्या. "नारायण सरोवराच्या काठावरचा उचलून आणला मी हा. तीर्थात स्नान घालताना आपला खरा शाळिग्राम माझ्याच हातून बुडाला."