उजवा कौल

स्ट्रेचर देवळाच्या आढ्याला टांगलेलं होतं. त्याच्या दांड्यांभोवती झेंडूच्या वाळलेल्या माळा होत्या, आणि कापडावर दसऱ्यामागून दसऱ्याचं हळदकुंकू साचून तांबूस पापुद्रा धरला होता. त्याच्यावर आजवर कुणीही निजलं नव्हतं.

देवळाखालच्या पडवीत गोरखची बायको आरती निजली होती. बाळ सुखरूप झालं होतं. पण वार अडकली होती आणि रक्त थांबत नव्हतं. घाटाच्या पायथ्याला, डांबरी सडकेवर, धर्मादाय दवाखान्याची जीप उभी होती. तिथवर सारा घाट उतरायचा होता. चार गडी घोंगडीची झोळी वाशाला बांधून तयार होते.

"झोळीत नाही न्यायची," जीपमधून आलेल्या नर्स तेजस्विनीबाई देवळाच्या उंबऱ्याशी उभ्या राहून म्हणाल्या. "झोळीत कंबर मुडपते. तिला सपाट न्यायला हवं. त्यासाठीच तर हे दिलं होतं. मी स्वतः वर घेऊन आले होते."

गाभाऱ्यातून कुशाबा पुजाऱ्याचा आवाज आला. "देईस्तवर तुमचं व्हतं, बाई. दिल्यावर आईचं झालं. एकाच्या घरात ठिवलं असतं तर दुसऱ्याच्या डोळ्यात आलं असतं. म्हून कळमजाईच्या पुढ्यात ठिवलं."

"आईला कुठं जायचं व्हतं त्याच्यावर निजून?"

ही झुंबरबाई, कुशाबाची बायको. वाडीची सुईणही तीच. फडक्यात गुंडाळलेलं बाळ छातीशी धरून ती पायरीखाली उभी होती. बाळंतिणीच्या विटाळाचे हात घेऊन तिला पायरी चढता येत नव्हती.

तेजस्विनीबाईंनी चपला काढल्या आणि उंबऱ्यात पाऊल टाकलं. त्यांना अडवलं ते गोरखनं.

"नका, बाई. आईची वस्तू न इचारता काढली, आन् वाटंत आरतीचं काय झालं, तर मी कुनाला तोंड दाखवू?"

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या सदऱ्याच्या बाहीवर रक्त होतं, आणि ते आपल्याला लागलं आहे हे त्याला अजून ठाऊक नव्हतं. त्या गाभाऱ्याकडे वळल्या.

"काका, त्या कापडावर कुंकवाखाली काय लिहिलंय माहीत आहे?"

"आमाला कुठं वाचता येतंय."

"लंकाबाई. एका बाईचं नाव आहे. बाळंतपणात गेली. पोर तेवढं जगलं. मोठं झाल्यावर त्या पोरानं हे दिलंय."

समईच्या उजेडात कुशाबाची पाठ तेवढी दिसत होती. मग त्यानं कोपऱ्यातला तांब्या ओढला.

"कौल लावतो," तो म्हणाला.

तेरड्याच्या दोन पाकळ्या त्यानं पाण्यात बुडवल्या आणि आईच्या तांदळ्यावर, शेंदूर माखलेल्या बिनचेहऱ्याच्या दगडावर, एक उजव्या अंगाला, एक डाव्या अंगाला, चिकटवल्या. उजवी आधी गळाली तर होकार, डावी गळाली तर नकार. या वाडीशी आई एवढ्या दोनच शब्दांत बोलत आली होती, आणि तिचा शब्द कुशाबानं आजवर जसाच्या तसा बाहेर आणून दिला होता.

"तात्या," गोरखनं उंबऱ्याबाहेरून कुशाबाला विचारलं, "डावा आला तर?"

"तर झोळी."

कड्यावरचं ऊन विझत चाललं होतं. पडवीतून मघापर्यंत कण्हणं ऐकू येत होतं. आता तेही येईना. चार गड्यांपैकी एकानं झोळीचा वासा खांद्यावर घेतला, पुन्हा उतरवला. झुंबरबाईच्या हातातलं बाळ रडायला लागलं, आणि त्या रडण्याला गप्प करायचं कुणालाच सुचलं नाही.

गाभाऱ्यात काहीतरी गळालं. पाकळी गळण्याला आवाज नसतो. तरी बाहेर सगळ्यांनी मान वर केली.

कुशाबाचं एक पाऊल पुढं सरकलं.

"उजवा," तो म्हणाला. वळून त्यानं पाहिलं नाही. "उजवा दिला आईनं. न्या."

मग सारं एकदम घडलं. गडी आत घुसले, कुणी आढ्याच्या दोऱ्या कापल्या, माळा तुटल्या, वाळलेल्या झेंडूचा चुरा सगळ्यांच्या डोक्यावर सांडला. तेजस्विनीबाईंनी तळहातानं कुंकवाचा पापुद्रा झटकला. गोरखनं उंबऱ्यावर कपाळ टेकलं आणि तो पडवीकडे पळाला. थोड्या वेळानं चौघांच्या खांद्यांवर आरती सपाट, निश्चल, आभाळाकडे तोंड करून वाटेला लागली. तेजस्विनीबाई तिची नाडी धरून बाजूनं चालत होत्या.

"हळू. दगड हाय. उजवीकडनं घ्या." आवाज कारवीच्या रानात उतरत गेले.

देवळापाशी दोघंच उरली, आणि बाळ. ते आता झुंबरबाईचं बोट चोखत होतं. कुशाबा अजून तिथंच होता, पाठमोरा, तसाच एक पाऊल पुढं टाकून.

झुंबरबाईनं पायरीखालून मान उंच करून आत पाहिलं. तांदळ्याच्या डाव्या अंगाचा शेंदूर उघडा पडला होता. उजव्या अंगाला तेरड्याची पाकळी जशी लावली होती तशीच होती, ओली, समईच्या उजेडात चमकणारी.

गळालेली पाकळी खाली कुठं दिसेना; तिची नजर कुशाबाच्या पुढं टाकलेल्या पावलावर येऊन थांबली.

"अवं," ती हळूच म्हणाली, "पाय उचला. घरला चला."

"घाट उतरू दे तिला," कुशाबा म्हणाला. "मग उचलतो."